घसरलेली सरासरी

माझं लग्न जमवताना वडिलांना सगळ्यात जड गेलेली गोष्ट म्हणजे माझी नोकरी समजावून सांगणं. मुलगी सरकारी नोकरीत आहे, इथपर्यंत समोरची मंडळी खूश असायची. मग एखादे मामा चहाचा कप खाली ठेवत विचारायचे, म्हणजे नेमकं काय करते? वडील म्हणायचे, मजुरी मोजते. एका घरी यावर मुलाच्या आत्यांनी हळूच विचारलं, "मुकादम आहे का?" ते स्थळ तिथंच संपलं. शेवटी ज्यांच्याशी लग्न झालं त्यांनी नोकरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी म्हणाले, तेव्हा काही कळलं नव्हतं म्हणून विचारलं नाही, आणि नंतर विचारायची लाज वाटली.

तर ते आता एकदा सगळ्यांसाठीच सांगून टाकते. नव्वदच्या दशकात बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या लहान कारखान्यांत कामगाराला तासाला सरासरी किती मजुरी पडते, हे दर तिमाहीला शोधून काढायचं, हे माझं काम होतं. पदाचं नाव अन्वेषक. भारदस्त आहे, पण प्रत्यक्षात एसटीने जायचं, उरलेलं अंतर चालायचं, आणि ज्यांना आपल्याशी बोलायची अजिबात इच्छा नाही अशा माणसांशी बोलायचं. कारखान्यात त्या आठवड्यात एकूण मजुरी किती वाटली, आणि सगळ्यांनी मिळून एकूण तास किती काम केलं, हे विचारायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. असे सगळे कारखाने एकत्र केले की त्या भागातली सरासरी निघते. पुण्याच्या कार्यालयात तिचे तक्ते व्हायचे आणि कामाच्या प्रकारानुसार एक छोटी पुस्तिका छापली जायची. लेथ चालवणाऱ्या टर्नरचा तास, म्हणजे तासाची मजुरी, अमुक, साचे करणाऱ्याचा तमुक, असं.

भागाकार शाळेतल्या मुलालाही येतो. पण त्यातले दोन्ही आकडे मिळवणं हेच सगळं काम. मालकाला मी कामगार खात्याची वाटले तर मजुरी फुगायची. आयकराची वाटले तर ती आकसायची. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतले एक लेथवाले गृहस्थ मला कायम डाळिंब सोलून द्यायचे आणि प्रत्येक प्रश्नाला म्हणायचे, "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा." भिगवणच्या एका बर्फाच्या कारखान्यात मासळी बर्फात भरणाऱ्या बायकांना रोख कमी आणि मासळी जास्त मिळायची. नियमाप्रमाणे वस्तूंत दिलेली मजुरीही धरायची, म्हणून मी बाजारात जाऊन त्या दिवशीचा मासळीचा भाव विचारत फिरले. विक्रेत्याला वाटलं गिऱ्हाईक आलंय. चार ठिकाणी भाव विचारून काहीच न घेता निघालेल्या बाईकडे तो ज्या नजरेनं पाहत राहिला, ती मला अजून आठवते.

तासांचं तर त्याहून अवघड. हजेरीच्या वहीत सगळीकडे आठच तास. पण आम्ही वहीतले तास घ्यायचे नाहीत, खरोखर केलेले घ्यायचे, असा दंडक होता. आणि खरे तास कामगाराशी बसून बोलल्याशिवाय कळत नाहीत. या बसण्यामुळेच मला माझी नोकरी आवडायला लागली. माझ्यापाशी देण्यासारखं काही नसताना माणसांनी आपला वेळ मला दिला. आज मागे वळून पाहिलं की पगार, बढती यांतलं फारसं काही आठवत नाही. वाळूच्या ढिगाशेजारी, पालथ्या घमेल्यावर बसून झालेल्या गप्पा तेवढ्या आठवतात.

ती वाळू होती इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळच्या एका फौंड्रीतली. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. हा लहानसाच होता, पत्र्याचा, रस्त्याच्या कडेला. पंपाची आवरणं आणि यंत्रांचे सुटे भाग तिथे ओतले जायचे. मालकांना सगळे तात्या म्हणत. तात्यांचं घर मूळचं मेंढपाळांचं. वडील कळप घेऊन दरवर्षी घाट उतरून कोकणात जायचे. तात्यांनी मात्र तरुणपणी एका मोठ्या कारखान्यात साचे करायचं काम धरलं, तिथे पुष्कळ वर्षं काढली, आणि मग बँकेचं कर्ज काढून स्वतःची भट्टी उभी केली.

पहिल्या भेटीत त्यांनी मला उभंच ठेवलं होतं. तासाचा प्रश्न विचारल्यावर म्हणाले, "आमचा बा मेंढरं घिऊन जायचा. शेतकरी खतासाठी कळप रातभर रानात बसवून घ्यायचा. मेंढरं बसायची, बा झोपायचा, अन् सकाळी धान्य मिळायचं. आता तुमीच सांगा, तासाला किती पडलं?"

मी म्हटलं, झोपेचे तास धरायचे की नाहीत याबद्दल आमच्या सूचनांमध्ये काही लिहिलेलं नाही, वरिष्ठांना विचारावं लागेल. ते मोठ्यानं हसले आणि आतून खुर्ची मागवली. तेव्हापासून ते मला ताई म्हणायला लागले.

तात्यांच्या फौंड्रीत साचे करणारे आणि भट्टीवरचे गडी होते, आणि वाळूवर बायका होत्या. ओतकामात वाळू हीच खरी जमीन. साचा वाळूचाच करतात, आणि लोखंड ओतून झालं की तो फोडतात. मग ती जळकी, ढेकळं झालेली वाळू फोडायची, तिच्यातले लोखंडाचे तुकडे वेचायचे, ती चाळायची, पाणी शिंपून पुन्हा कामाला तयार करायची. हे सगळं बायका करायच्या. त्यांच्यात यमुनाबाई मोठ्या. कळंबच्याच. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं कमी. डोक्याचा पदर नाकावरून घट्ट गुंडाळलेला, त्यामुळे पहिल्या कितीतरी भेटींत मी त्यांना फक्त डोळ्यांवरून ओळखत होते.

किती तास काम करता, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "साखर कारखान्याचा भोंगा झाला की यायचं. भट्टी ओतायची असली की लोखंड संपंस्तवर."

म्हणजे ओतकामाच्या दिवशी आठ तासांवर बरंच काही. मी तात्यांना तसं विचारलं. ते म्हणाले, व्हय, थांबत्यात त्या. मी तेच तास लिहिले. साहजिकच बायकांची तासाची मजुरी वहीतल्यापेक्षा खाली आली, आणि सगळ्या भागातली ओतकामाची सरासरीही थोडी खाली ओढली गेली. तात्यांनी तक्रार केली नाही. खोटं बोलायचं नाही आणि मागितल्याशिवाय द्यायचंही नाही, असा त्यांचा खाक्या होता.

अशा पुष्कळ तिमाह्या गेल्या. मग एकदा पुण्याहून इनामदार साहेबांचा फोन आला. ते आमच्या तक्त्यांचे प्रमुख. कडक, मितभाषी, आकड्यात चूक सापडली की चष्मा काढून टेबलावर ठेवणारे. त्या दिवशी मात्र आवाज प्रसन्न होता. तुमच्या भागात ओतकामाची तासाची सरासरी एकदम चांगली वाढली आहे म्हणाले, तिथे उद्योग वर येतोय असं दिसतंय. फक्त एवढी वाढ झाली आहे म्हणून एकदा तपासून घ्या.

आमच्या यादीत ओतकामाचे कारखाने मोजकेच, आणि तात्यांचा त्यातला मोठा. तिकडेच काहीतरी झालं असणार हे मला कळलं. ती माहिती त्या वेळी तात्यांच्या कारकुनाने भरून पाठवली होती, कारण मी बाळंतपणाच्या रजेवर होते. म्हणून मीच गेले.

रस्त्यावरूनच घरघर ऐकू आली. शेडमध्ये वाळू चाळायचं यंत्र बसलं होतं. एका टोकाला वाळू टाकायची, दुसऱ्या टोकाला चाळून बाहेर. एक गडी ते चालवत होता. ज्या कोपऱ्यात बायका बसायच्या तिथे ओतीव आवरणांची रास लावलेली होती.

बायका कुठे, असं मी विचारलं. तात्या यंत्राकडे बघत म्हणाले, "काढलं न्हाय ताई. बोलवायचं थांबवलं."

मालाची मागणी वाढली होती, वाळू पुरत नव्हती, बँक यंत्रासाठी कर्ज द्यायला तयार होती. त्यांच्या जागी कोणीही हेच केलं असतं, आणि मला ते दिसतही होतं. फौंड्रीत राहिलेल्या एकाही माणसाची मजुरी वाढली नव्हती. सगळ्यात कमी मजुरीच्या माणसांना मोजणीतून वजा केलं, एवढंच झालं होतं. शाळेत मुलांची रांग उभी करा आणि त्यातली बुटकी मुलं घरी पाठवा. रांगेची सरासरी उंची वाढते. कोणी बोटभरही वाढलेलं नसतं.

मी साहेबांना फोन करून हे सांगितलं. त्यांनी विचारलं, आकडा बरोबर आहे ना? मी म्हटलं, बरोबर आहे. ते म्हणाले, मग तो तसाच जाईल. मी म्हटलं, तक्त्याखाली एक टीप घालता येईल, की ही वाढ बायका कमी झाल्यामुळे दिसते आहे. ते म्हणाले, आपण कामावर असलेल्यांची मजुरी मोजतो, कामावर नसलेल्यांसाठी आपल्याकडे रकाना नाही. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. पुस्तिका तशीच छापली गेली.

मला काही ते सोडवेना. रविवारी मुलाला सासूबाईंकडे ठेवून मी कळंबला गेले. काय करायला, ते माझं मलाच नीट सांगता आलं नसतं. यमुनाबाईंच्या घरी त्यांची सून रेखा भेटली. दहावी झालेली, हसतमुख मुलगी. ती मला एका बागायतदाराच्या मळ्यात घेऊन गेली. यमुनाबाई तिथे वांगी तोडत होत्या. चेहऱ्यावर पदर गुंडाळलेला नव्हता, त्यामुळे त्यांचा सगळा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मळ्यातलं काम रोज नसायचं, आणि असायचं तेव्हा फौंड्रीपेक्षा मिळकत कमी. बरोबरीच्या दोघीजणी मुलाबाळांसह पुण्याकडे बांधकामावर निघून गेल्या होत्या.

त्यांनी मला बांधावर बसवलं आणि तोडणी चालूच ठेवली. मी का आले हे त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बाई, तुमच्या कागदात आमी आता कुठं?"

"कुठंच नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागाची नव्हती, आपल्याला वाटलं होतं तसंच आहे म्हणणारी. पाटीत वांगी टाकत राहिल्या. मग म्हणाल्या की यंत्राबद्दल आपलं काही म्हणणं नाही, वाळू चाळून चाळून खांदे गेलेच होते. पण फौंड्रीत दुसरं काम आहे ना. तिथला कोर करणारा गडी टिकत नाही, दर काही महिन्यांनी एक बारामतीला पळतो आणि तात्या नव्याला शोधत बसतात.

कोर म्हणजे काय ते सांगते. पंप आतून पोकळ असतो. ती पोकळी राहावी म्हणून साच्याच्या आत वाळूचाच एक गाभा बसवतात. त्याच्याभोवती लोखंड ओततात आणि मग गाभा फोडून काढतात. वाळूत साखर कारखान्यातली मळी मिसळून हा गाभा ठोकून तयार करायचा आणि भट्टीत भाजायचा. काम नाजूक, हाताला समज लागते, आणि म्हणून त्याचा तास वाळू चाळण्याच्या तासापेक्षा बराच वरचा.

"ते काम आमाला जमंल," यमुनाबाई म्हणाल्या. "पर त्याचं काय देत्यात, ते आमाला ठाव न्हाय. तात्या सांगतील ते आमी घिऊ, असं नगं."

इथे मला थांबून विचार करावा लागला. कोणत्या कारखान्यानं काय मजुरी दिली हे कोणालाही सांगायचं नाही, अशी आमच्यावर कडक बंदी होती, आणि ती योग्यच होती. तिच्याच भरवशावर मालक माझ्याशी बोलत. पण छापील पुस्तिका ही गुप्त नव्हती. सबंध भागातली सरासरी तिच्यात होती, आणि ती कोणालाही मागता येत होती. फक्त आजवर कोणी मागितली नव्हती. मी रेखाला सांगितलं, बारामतीला आमच्या कार्यालयात ये, पुस्तिका मिळेल, त्यात कोर करणाऱ्याचा तास छापलेला आहे.

रेखा त्याच आठवड्यात आली. पुस्तिका घेऊन गेली. मग यमुनाबाई आणि उरलेल्या बायका मिळून तात्यांकडे गेल्या. हे पुढचं मला दोन्ही बाजूंनी वेगवेगळं ऐकायला मिळालं, पण मुख्य गोष्ट एकच होती. कोरचं काम आम्हाला शिकवा, म्हणून त्यांनी सांगितलं. तात्या तयार झाले, माणूस त्यांनाही हवाच होता. मग त्यांनी बायकांची म्हणून एक मजुरी सांगितली. तेव्हा रेखानं पुस्तिका उघडली. बाकी कामांपुढे पुरुष आणि स्त्रिया असे दोन वेगळे आकडे होते. कोरपुढे एकच होता, कारण आमच्या सगळ्या यादीत त्या कामावर एकही बाई नव्हती.

"तात्या, हितं बाईचा तास निराळा लिवलेला न्हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "जो हाय त्योच आमचा."

तात्या भडकले. बायकांवर नाही, माझ्यावर. आपण या बाईला खुर्ची दिली, खरं ते सांगितलं, आणि ती कामगारांना फितवते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते पुण्याला गेले आणि इनामदार साहेबांपुढे उभे राहिले. संध्याकाळी मला फोन आला, उद्या या.

त्या रात्री झोप लागली नाही वगैरे काही मी लिहिणार नाही. तान्हं मूल घरात असताना झोप तशीही नसते. पण भीती होती. कारखान्याची माहिती फोडल्याचा ठपका आला असता तर नोकरी गेली असती, आणि तेव्हा घर माझ्याच पगारावर चाललं होतं, कारण हे ज्या गिरणीत कामाला होते तिला टाळं लागलं होतं.

साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा चष्मा टेबलावर होता. त्यांनी विचारलं, तात्यांच्या कारखान्याची काही माहिती तुम्ही बाहेर सांगितलीत का? मी म्हटलं, नाही. दुसऱ्या कोणत्या कारखान्याची? नाही. मग काय सांगितलंत? मी म्हटलं, छापलेलं पुस्तक मागायला सांगितलं. ते म्हणाले, कोणाला? मी यमुनाबाईंचं सगळं सांगितलं. वांग्याच्या मळ्यापासून.

साहेब उठले आणि मागचं कपाट उघडलं. त्यात पुस्तिकांचे गठ्ठे होते, सुतळीनं बांधलेले, कितीतरी वर्षांचे. काही गठ्ठ्यांची सुतळी कधी सुटलेलीच नव्हती. ते त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"मी इतकी वर्षं ही पुस्तिका काढतोय," ते म्हणाले. "जिच्या तासाची मजुरी आपण मोजतो अशा बाईनं ती मागितल्याचं मी आज पहिल्यांदा ऐकलं."

त्यांनी एक प्रत काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, ही तात्यांना नेऊन द्या. त्यांनाही हक्क आहे. तक्रार त्यांनी लेखी दिलेली नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीनं ती संपली. मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी बाळाची चौकशी केली. त्यांनी असं काही विचारल्याचं कार्यालयात कोणालाच आठवत नव्हतं.

पुस्तिका मी स्वतः तात्यांकडे नेली. त्यांनी ती घेतली, पण खुर्ची दिली नाही. मी उभ्यानंच निरोप घेतला.

पुढे काही दिवसांनी ते बारामतीला माझ्या कार्यालयात आले. अंगावर धुतलेला सदरा, हातात पुस्तिका. मी खुर्ची पुढे केली. बसले. बराच वेळ पानं चाळत राहिले. मग त्यांनी साचे करणाऱ्यांच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांच्याकडचे साचेवालेही टिकत नव्हते, हे मला माहीत होतं. एकेकाला शिकवून तयार करावं, की तो बारामतीच्या वसाहतीत नोकरी धरायचा.

"मला वाटायचं पोरं माजल्यात," तात्या म्हणाले. "माझाच तास कमी व्हता, ताई."

मी चहा मागवला. ज्यानं स्वतःच्या तोंडानं हे म्हटलं त्याच्यापुढे आणखी काय बोलायचं.

त्यांनी बायकांना कोरवर घेतलं. शिकेपर्यंत थोडं कमी आणि हात बसल्यावर पुस्तिकेतला पूर्ण तास, असं ठरलं. यमुनाबाईंनी शिकण्याची मुदत आधीच ठरवून घेतली, नाहीतर आपण जन्मभर शिकतच राहू म्हणाल्या. शिकवलं तात्यांनी स्वतः. जुना कारागीर माणूस, शिकवताना मालकपण विसरायचे. सुरुवातीला कोर साच्यात बसवताना तुटायचे, तात्या करवादायचे, बायका खाली मान घालून पुन्हा ठोकायला घ्यायच्या. मळीच्या गोड, करपट वासानं शेड भरून गेलेली असायची. हळूहळू तुटणं थांबलं. साचेवाल्यांचा तासही तात्यांनी वाढवला. सगळ्यांच्या बरोबरीला नाही आणला, पण माणसं टिकतील इतका आणला. ओतकामाच्या दिवशीचे जादा तास मात्र ते नेहमीच जरा तुटक मोजत राहिले, आणि मी ते नेहमीच पूर्ण लिहीत राहिले. त्यावरून आमची शेवटपर्यंत कुरबुर चालायची.

पुण्याकडे गेलेल्या त्या दोघी परत आल्या नाहीत. यमुनाबाईंनी निरोप पाठवला होता, पण तो पोचला की नाही कळलं नाही. मीही पुण्याला गेले की कुठे बांधकाम दिसलं तर तिथल्या बायकांकडे बघायची. सापडल्या नाहीत. त्यांच्या वाट्याचं काम त्यांना मिळायला हवं होतं, असं अजून वाटतं.

बायका शिकत होत्या त्या तिमाहीचे आकडे मी भरून पाठवले आणि फोनची वाट बघत बसले. तो आलाच. साहेब म्हणाले, तुमच्या भागातली ओतकामाची सरासरी घसरली आहे.

"हो," मी म्हटलं. "बायका परत आल्या."

शिकाऊ मजुरीवर का होईना, त्या पुन्हा मोजणीत आल्या होत्या, आणि त्यांच्यामुळे सरासरी खाली आली होती. तिकडे साहेबांनी आकडा पुन्हा एकदा वाचून दाखवला. मग म्हणाले, टीप तुम्ही लिहा, मी तपासतो. मी दोन ओळी लिहिल्या. त्यांनी त्यातली एक काढून टाकली, कारण तिच्यात मी 'आनंदाची बाब' असं लिहिलं होतं. उरलेली ओळ त्या वेळच्या पुस्तिकेत तक्त्याखाली छापली गेली. सरासरीतली घट नव्या महिला कामगारांच्या समावेशामुळे आहे, इतकीच. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या हातचं छापून आलेलं तेवढं एकच वाक्य. यांनी ते वाचलं आणि म्हणाले, आता कळलं तू काय करतेस ते.

नंतर माझी बदली झाली. बदलीआधीच्या शेवटच्या फेरीत मी कळंबला गेले तेव्हा कोरच्या शेडमध्ये बायका काम करत होत्या. रेखाही त्यांच्यात आली होती. तिचा तास आता यमुनाबाईंइतकाच होता, आणि तिला त्याचं फार काही वाटत नव्हतं, याचंच मला फार बरं वाटलं. मी नेहमीचे प्रश्न विचारले, त्यांनी नेहमीची उत्तरं दिली. कागद पिशवीत ठेवले. यमुनाबाई हातावरची मळी कापडाला पुसत माझ्यासमोर येऊन बसल्या.

"बाई, इतकी वर्सं आमचा तास इचारता," त्या म्हणाल्या. "तुमचा कितीला पडतो?"

मला हे कधी कोणी विचारलं नव्हतं आणि मी कधी मोजलंही नव्हतं. तिथेच, त्यांच्यासमोर, पगाराला तासांनी भागलं. एसटीची वाट बघण्यात गेलेला वेळही धरला, आकडा जरा खाली यावा म्हणून. तरी तो त्यांच्या तासाच्या कितीतरी पट आला. खरं सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. पण इतकी वर्षं मी त्यांच्याकडून खरं तेच मागितलं होतं. मी सांगितलं.

रेखानं सासूकडे पाहिलं. यमुनाबाईंनी आकडा मनात घोळवला. मग म्हणाल्या, "अन् हितं आमच्यापाशी बसता, त्यो तासबी त्यातच आला का?"

"हो. त्यातच."

"मग बसा की वाईच, उठायची घाई कशाला," त्या म्हणाल्या, आणि चुलीवर चहाचं पातेलं चढवायला उठल्या. मी पिशवी बाजूला ठेवली आणि बसले.